नोंद कशी करावी?

संकेतस्थळे दोन: पक्ष्यांसाठी ‘ईबर्ड’ (२००२ पासून), बाकी सगळ्या जिवांसाठी ‘आयनॅचरलिस्ट’ (२००८). तारीख आणि जागा हवीच, आयनॅचरलिस्टवर फोटो किंवा आवाजही. नुसते ‘बागेत बेडूक दिसला’ हे संशोधकाच्या उपयोगाचे नाही. ओळख सांगणाऱ्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक जणांचे एकमत झाले, की आयनॅचरलिस्टवरची नोंद संशोधनायोग्य ठरते. धोक्यातल्या जातींचा नेमका ठावठिकाणा तिथे आपोआप झाकला जातो. शिकाऱ्याला आयता नकाशा कशाला द्यायचा!

बिबट्यामागे सगळेच धावतात; कावळा-साळुंकीची नोंद करायला मात्र कंटाळा. ईबर्डवर ओळखलेल्या सर्व पक्ष्यांची पूर्ण यादी दिलीत, तर चिमणी न दिसणे हीही माहितीच ठरते. एकाच तळ्याच्या वर्षानुवर्षांच्या अशा याद्या ते बुजवायला निघालेल्यांसमोर पुरावा म्हणून ठेवता येतात. घरट्यांचे फोटो तेवढे काढू नका.