अमेरिकेला छोटी डिझेल मोटार का नको?

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण मी लहानाची मोठी झाले ती डिझेलच्या वासात. माझे वडील तालुक्याच्या गावी, रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टर, जीप आणि टेंपोची इंजिने दुरुस्त करतात. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली.

गेल्या दिवाळीत अमेरिकेत नोकरी करणारे एक गृहस्थ गावी आले होते. शेडमध्ये बसल्या बसल्या ते सहज म्हणाले की, तिकडे ट्रक डिझेलवर चालतात, पण छोटी मोटार डिझेलवर मिळतच नाही. वडिलांना ते पटेना. रात्री जेवताना ते मला म्हणाले, "एवढा शहाणा देश, अन् लिटरला वीस किलोमीटर देणारी गाडी नको म्हणतो? तू कॉलेजात जातीस ना, मग तूच शोधून सांग."

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा माझा प्रयत्न आहे.

ठिणगीशिवाय पेटणारे इंजिन

प्रथम या इंजिनाची थोडी ओळख करून घेऊ. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला व १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण ठिणगीने पेटवावे लागते. डिझेल इंजिनात ठिणगीचे काम नाही. तेथे नुसती हवा खूप दाबली जाते. कधी कधी मूळच्या विसाव्या हिश्श्याहूनही लहान जागेत. सायकलचा पंप जोराने मारला की त्याचे तोंड तापते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. तसेच येथे घडते. हवा इतकी तापते की नोझलमधून डिझेलचा फवारा उडताच तो आपोआप पेट घेतो. दाब जास्त, म्हणून तेवढ्याच इंधनातून काम जास्त. शिवाय लिटरभर डिझेलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा ऊर्जाही थोडी अधिक असते. म्हणूनच डिझेलची मोटार कमी इंधनात लांब जाते.

परंतु गुणातच दोष दडलेला असतो. एरवी हवेतील नायट्रोजन निरुपद्रवी असतो. पण अशा भट्टीत तो ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे प्रमाण नेमके राखता येते, त्यामुळे नळकांड्यात बसवलेला उत्प्रेरक ही ऑक्साइडे फोडून टाकतो. डिझेलच्या धुरात मात्र ऑक्सिजन शिल्लक राहतो, म्हणून तो उत्प्रेरक तेथे चालत नाही. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढचे बरेचसे रामायण हिच्यामुळेच घडले आहे.

पेट्रोलच्या रांगा आणि पहिली संधी

स्वस्त पेट्रोल आणि लांबलचक मोटारी ही अमेरिकेची जुनी सवय. तिला पहिला धक्का बसला तो ऑक्टोबर १९७३ मध्ये. अरब राष्ट्रांनी तेलाची निर्यात रोखली आणि अमेरिकेतील पंपांवर रांगा लागल्या. अशा वेळी फोक्सवॅगन कंपनीने १९७७ सालच्या सुमारास 'रॅबिट' या छोट्या मोटारीची डिझेल आवृत्ती तेथे आणली. इंजिन अवघे दीड लिटरचे, शक्ती ४८ अश्वशक्ती. पण महामार्गावर ती लिटरला वीस किलोमीटरच्या आसपास जाई. १९७९ मध्ये इराणच्या क्रांतीनंतर पुन्हा तेलटंचाई झाली आणि मागणी आणखी वाढली. इसुझू, निसान, टोयोटा या जपानी कंपन्यांनी छोट्या डिझेल मोटारी आणल्या. शेव्हरोले व फोर्ड यांनीही आणल्या. १९८१ साली अमेरिकेत खपलेल्या दर शंभर नव्या मोटारींपैकी सुमारे सहा डिझेलवर चालणाऱ्या होत्या. तो त्यांचा कळस ठरला.

कळसावरून घसरण झाली त्याला दोन कारणे घडली. जनरल मोटर्सने १९७८ च्या मॉडेलांपासून 'ओल्ड्समोबिल' मोटारींत ५.७ लिटरचे मोठे डिझेल इंजिन बसवले होते. कंपनीच्या पेट्रोल इंजिनाच्या मापावर ते बेतलेले होते. डिझेलचा दाब कितीतरी अधिक. पण हेडच्या बोल्टांची मांडणी पेट्रोल इंजिनाचीच ठेवलेली. बोल्ट ताणले जात, गॅस्केट फुटे. डिझेलमधले पाणी वेगळे काढण्याची सोयही नव्हती. ग्राहकांची निराशा झाली, प्रकरणे न्यायालयात गेली आणि १९८५ साली ते इंजिन बंद झाले. हे मी वडिलांना वाचून दाखवले तेव्हा ते हसले. म्हणाले, "पेट्रोलच्या बोल्टावर डिझेलचं हेड टिकतं होय? मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

दुसरे कारण म्हणजे १९८६ साली कच्च्या तेलाचा भाव एकदम निम्म्याखाली कोसळला. पेट्रोल स्वस्त झाल्यावर खडखडणारी, हळू चालणारी डिझेल मोटार कोण घेणार? अपराध एका मोठ्या इंजिनाचा, पण सामान्य माणसाच्या मनात 'डिझेल' हा शब्दच बदनाम झाला आणि छोट्या मोटारीही त्यात भरडल्या गेल्या.

लॉस एंजेलिसचे धुके

वडिलांच्या प्रश्नाचे खरे मर्म मात्र अमेरिकेच्या कायद्यात आहे. लॉस एंजेलिस शहरावर एक पिवळसर, डोळ्यांत झोंबणारे धुके साचत असे. १९५० नंतरच्या काही वर्षांत आरी हागेन-स्मित या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की मोटारींच्या व तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वायूंवर ऊन पडून हे धुके तयार होते आणि त्यात नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा मोठा हात असतो. पुढे १९७० मध्ये देशभर कडक हवा-कायदा आला. कॅलिफोर्निया राज्याला तर स्वतःचे अधिक कडक नियम करण्याची मुभा होती.

युरोपची वाट निराळी होती. तेथे इंधनाची बचत व कार्बन डायऑक्साइड यांवर भर असल्यामुळे डिझेल मोटारींना सवलत दिली गेली. २००५ च्या युरोपीय नियमाप्रमाणे पेट्रोल मोटारीने किलोमीटरमागे ०.०८ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडे सोडली तर चालत. डिझेलला मात्र ०.२५ ग्रॅमपर्यंत मोकळीक होती. अमेरिकेने असा भेद केला नाही. तेथे २००४ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या नियमात पेट्रोल असो वा डिझेल, कंपनीच्या मोटारींची सरासरी मैलामागे ०.०७ ग्रॅम, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ०.०४ ग्रॅम ठरली. म्हणजे जी मोटार पॅरिसमध्ये नियमात बसे, ती लॉस एंजेलिसमध्ये सहापट दोषी ठरू शके!

कराचेही असेच आहे. युरोपातील बहुतेक देशांत डिझेलवर पेट्रोलपेक्षा कमी कर असे. अमेरिकेत केंद्र सरकारचा कर पेट्रोलवर गॅलनला १८.४ सेंट, तर डिझेलवर २४.४ सेंट. शिवाय २००४ च्या अखेरीपासून तेथे डिझेल बहुधा पेट्रोलपेक्षा महागच विकले गेले आहे. अर्थशास्त्राच्या तासाला सर सांगतात की ग्राहक किमतीकडे पाहून ठरवतो. येथे तेच झाले. २०११ च्या सुमारास पश्चिम युरोपात निम्म्याहून अधिक नव्या मोटारी डिझेलच्या होत्या. अमेरिकेत मात्र मोटार महाग आणि इंधनही महाग. फोर्ड या अमेरिकन कंपनीने २००८ मध्ये १०० किलोमीटरला ३.७ लिटर डिझेल पिणारी 'फिएस्टा' युरोपात काढली, पण ती स्वतःच्या देशात विकायला आणली नाही!

दुसरी संधी आणि फसवणूक

तरीही एक वेळ अशी आली की छोट्या डिझेल मोटारीचे दिवस फिरणार असे वाटले. २००६ साली अमेरिकेतील पंपांवर अत्यल्प गंधकाचे डिझेल मिळू लागले. त्यात गंधक दहा लाख भागांत फक्त १५ भाग. गंधकाने धूर शुद्ध करणारी उपकरणे निकामी होतात. ती अडचण दूर झाली. अनेक कंपन्या पुढे सरसावल्या. होंडाने छोट्या डिझेल इंजिनाची घोषणा केली व नंतर बेत सोडून दिला. आपल्या मुंबईच्या महिंद्र कंपनीचा डिझेल पिकअपही अमेरिकेत जाणार होता. २००६ मध्ये तेथील वितरकाशी करार झाला, २०१० मध्ये सरकारी प्रमाणपत्रही मिळाले. पण करार मोडला, भांडण न्यायालयात गेले आणि पिकअप काही पोहोचला नाही.

पोहोचली ती पुन्हा फोक्सवॅगनच. २००८ मध्ये तिची 'जेटा टीडीआय' बाजारात आली. महामार्गावर लिटरला सतरा किलोमीटर, आणि धूर कडक नियमांत बसणारा. एका नियतकालिकाने तिला त्या वर्षीची 'हरित मोटार' म्हणून गौरवले.

२०१३ मध्ये एका संशोधन संस्थेने वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडे एक काम सोपवले. हेतू साधा होता : अमेरिकेतील डिझेल मोटारी किती स्वच्छ आहेत ते दाखवून युरोपला जागे करावे. विद्यापीठाच्या पथकात अरविंद तिरुवेंगडम व हेमंत कप्पण्णा हे दोन भारतीय तरुण होते. मोटारीच्या डिकीत मापनयंत्रे ठेवून या मंडळींनी ती खुल्या रस्त्यावर चालवली. एक मोटार तर लॉस एंजेलिसहून थेट सिअ‍ॅटलपर्यंत नेली. प्रयोगशाळेत स्वच्छ असणारी जेटा रस्त्यावर मर्यादेच्या पंधरा ते पस्तीसपट ऑक्साइडे सोडत होती. त्यांना आधी वाटले, आपलेच काही चुकले असेल. चूक त्यांची नव्हती.

कॅलिफोर्नियाच्या अधिकाऱ्यांनी प्रकरण तडीला नेले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने कबुली दिली. मोटारीच्या संगणकात एक युक्ती घातलेली होती. चाचणीच्या वेळी मोटार रुळांवर जागच्या जागी धावते. चाके फिरतात, पण स्टिअरिंग हलत नाही. अशा खुणांवरून संगणक ओळखी की आपली परीक्षा चालू आहे, आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवी. रस्त्यावर आल्यावर पुन्हा येरे माझ्या मागल्या! अमेरिकेत सुमारे पाच लाख व जगभर एक कोटी दहा लाख मोटारींत ही लबाडी निघाली. २०१६ मध्ये अमेरिकेत १४.७ अब्ज डॉलरची तडजोड झाली, मोटारी परत विकत घ्याव्या लागल्या आणि कंपनीने तेथे डिझेल मोटारी विकणे बंद केले.

यापुढे काय?

त्यानंतर शेव्हरोलेची 'क्रूझ डिझेल' २०१९ पर्यंत तग धरून होती. माझदाची एक डिझेल मोटार त्याच वर्षी आली आणि लवकरच गेली. आज अमेरिकेत नवी छोटी डिझेल मोटार विकत मिळत नाही. मोठ्या पिकअपमध्ये डिझेल टिकून आहे, त्याचे कारण उघड आहे. काजळीची गाळणी, युरियाची टाकी, धूर शुद्ध करण्याची सारी व्यवस्था महाग असते. महाग पिकअपच्या किमतीत ती खपून जाते; छोट्या मोटारीत मात्र चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला होतो. तेवढीच बचत पेट्रोल व विजेवर चालणारी संकरित मोटार सहज देते. खुद्द युरोपातही २०२३ साली नव्या मोटारींत डिझेलचा वाटा १४ टक्क्यांच्या आत आला. तेव्हा अमेरिकेत छोटी डिझेल मोटार परत येण्याची शक्यता नाही, असे मला वाटते. पहिल्यांदा तिला घाईने केलेल्या इंजिनाने बदनाम केले, दुसऱ्यांदा लबाडीने. दोन्ही वेळा लोकांचा विश्वास गेला, आणि तो परत मिळवण्याइतका फायदा आता तिच्यात उरलेला नाही.

हे सर्व मी वडिलांना एका संध्याकाळी शेडमध्येच सांगितले. संगणकाच्या लबाडीची गोष्ट ऐकून ते चकित होतील अशी माझी अपेक्षा होती. ते हात पुसत म्हणाले, "त्यात नवल काय? पीयूसीच्या आदल्या दिवशी आपल्याकडंपण जीपवाले पंपाचं डिझेल कमी करून मागतात. सर्टिफिकेट मिळालं की दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढवून घेतात."

"अन् आबा, तुम्ही करून देता?"

"नाही केलं तर गिऱ्हाईक दुसरीकडं जातं."

मी गप्प बसले. माझी कॉलेजची फी त्याच शेडमधल्या कमाईतून भरली जाते. आणि गेले दोन हिवाळे वडिलांचा खोकला थांबत नाही, हेही मला ठाऊक आहे.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "ती पोरं गाडीत मशीन ठेवून रस्त्यावर गेली म्हणून सापडलं. आपल्याकडं असं कोण करतं?"

नव्या मोटारींसाठी रस्त्यावरील चाचणी भारतातही एप्रिल २०२३ पासून लागू झाली आहे, हे मी त्यांना सांगितले. "अन् जुन्या जीपचं?" त्यांनी विचारले. याचे उत्तर मला देता आले नाही. विज्ञान शाखेतील माझ्या मित्रमैत्रिणींपैकी कुणाला ते शोधावेसे वाटले, तर आमच्या शेडमध्ये तपासायला इंजिने भरपूर आहेत. वडील नाही म्हणणार नाहीत. मी त्यांना विचारून ठेवले आहे.