बहात्तर बाइट्सची साखळी

कात्रजहून बायपासने हिंजवडीला जाणाऱ्या आयटीवाल्यांपैकी काहींच्या वाट्याला त्यांच्या जन्माआधी लिहिलेले आयबीएम मेनफ्रेमचे असेंब्लर प्रोग्रॅम येतात. रात्रीचा जॉब 'एस-झिरो-सी-फोर' ही मेमरीच्या चुकीच्या पत्त्याची एरर देऊन पडला की समोर मेमरीचा डम्प असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: आपण किती सबरूटीन खोल होतो, आणि इथवर आलो कुठून?

ही खोली कुठेच नोंदलेली नसते. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० आणली, तिच्यात १६ जनरल रजिस्टर होते, स्टॅक नव्हता. त्याची जागा एका रिवाजाने घेतली. परतीचा पत्ता रजिस्टर १४ मध्ये, जिथे जायचं तो १५ मध्ये, आणि १३ मध्ये रजिस्टर जपून ठेवायच्या ७२ बाइट्सच्या सेव्ह एरियाचा पत्ता. त्या एरियाचा दुसरा शब्द बोलावणाऱ्याच्या सेव्ह एरियाकडे बोट दाखवतो. या साखळीवरून तेरापासून मागे मागे जायचं, शून्य आलं की थांबायचं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे नेलेला भुयारी नळ जसा वरच्या उच्छ्वासांवरूनच कळतो, तसंच हे.

काहींना एवढी पायपीट नको असते. ते एंट्रीच्या मॅक्रोत काउंटर एकाने वाढवतात, परतताना कमी करतात. मला त्याचा भरवसा नाही. जुना प्रोग्रॅमर चार पातळ्या खाली चूक दिसली की सरळ वरच्या एररच्या लेबलवर उडी मारतो. परतीचे चारही मॅक्रो राहून जातात, काउंटर चाराने वाढलेलाच राहतो, आणि अशा हजार चुकीच्या रेकॉर्डांनंतर खोली चार हजार दाखवते!

साखळीही अगदी निर्दोष नाही. प्रोग्रॅमच्या आतल्या आत 'बाल' या सूचनेने बोलावलेले छोटे रूटीन सेव्ह एरिया घेतच नाहीत, त्यामुळे ते मोजणीत येत नाहीत. एकच ठरलेला सेव्ह एरिया असलेल्या रूटीनने स्वतःलाच बोलावलं, तर त्याचा मागचा दुवा स्वतःकडेच वळतो. मग मोजणारा गोल गोल फिरत बसतो. म्हणून मोजणीला कमाल मर्यादा घालावीच.

१९८८ च्या ईएसए/३७० मध्ये लिंकेज स्टॅक आला. 'बाकर' या सूचनेने स्थिती त्यावर ठेवायची, 'पीआर'ने परत घ्यायची. नवं लिहिताना हेच वापरावं. जुन्यात घुसवायचं तर प्रत्येक कॉलचं टेस्टिंग नव्याने करावं लागतं, आणि चालू प्रोग्रॅमसाठी तेवढे दिवस मंजूर करणारा मॅनेजर विरळाच.