भाड्याचें घर : जमा आणि खर्च

नोकरींतून निवृत्त होणाऱ्या माणसाच्या हातीं भविष्यनिर्वाह निधीची रक्कम आली, कीं घरांत पहिला विचार निघतो तो एखादें घर विकत घेऊन भाड्यानें देण्याचा. बँकेंतील ठेव डोळ्यांस दिसत नाहीं; घर दिसतें. दरमहा कोणी तरी भाडें आणून देईल, ही कल्पना उतारवयांत मोठा धीर देते. हा धीर अगदींच खोटा नाहीं. परंतु भाडें म्हणजे उत्पन्न नव्हे. ती जमेची पहिली ओळ आहे. तिच्याखालीं खर्चाच्या ओळी मांडल्यावांचून व्यवहार करणें म्हणजे वही अर्धी वाचून सही करण्यासारखें आहे.

केवळ हिशेब समजावा म्हणून एक उदाहरण घेऊं. शहरांतील एक घर ६० लक्ष रुपयांना घेतलें. मुद्रांकशुल्क, नोंदणी आणि ताबा घेतांना करावयाचीं किरकोळ कामें यांस आणखी ५ लक्ष लागले. एकूण भांडवल ६५ लक्ष झालें. भाडें दरमहा १६ हजार, म्हणजे वर्षास १ लक्ष ९२ हजार. आतां खर्च पाहावा. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत एक महिना घर रिकामें राहिलें, १६ हजार गेले. गृहनिर्माण संस्थेची वर्गणी दरमहा ३ हजार धरली, तर वर्षाचे ३६ हजार. महापालिकेचा कर ६ हजार. रंग, नळ, वीज आणि गळती यांसाठीं सरासरी १२ हजार. दलाली व करारनाम्याचा खर्च १० हजार. हे ८० हजार वजा जातां हातीं राहतात १ लक्ष १२ हजार. म्हणजे भांडवलावर शेकडा पावणेदोनहि नाहींत! प्राप्तिकर अजून द्यावयाचाच आहे.

यांत ४० लक्ष कर्जाचे असले आणि व्याज शेकडा साडेआठ असलें, तर पहिल्याच वर्षीं व्याजापोटीं तीन लक्षांहून अधिक द्यावे लागतील. मग भाड्यावर हप्ता फिटेल ही आशा कोठें राहिली? घराची किंमत पुढें वाढेल, असें यावर उत्तर मिळतें. कदाचित् वाढेलहि, पण ती वाढ घर विकल्यावांचून हातीं येत नाहीं, आणि दुखणें उद्भवलें म्हणून घराची एक खोली कोणी विकूं शकत नाहीं.

या हिशेबांत सर्वांत सहज विसरली जाणारी बाब म्हणजे डागडुजी. ती हिशेबांतून गळली कीं काय होतें, हें मुंबईच्या चाळींनीं दाखविलें आहे. एका काळीं चाळ बांधणें ही भांडवल गुंतविण्याची भरंवशाची वाट मानली जाई. पहिल्या महायुद्धाच्या काळांत घरांची टंचाई झाली आणि १९१८ सालीं भाड्यावर नियंत्रण आलें. पुढें १९४७ च्या कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं असलेलें भाडें हेंच सामान्यतः प्रमाण धरलें. या कायद्यानें असंख्य गरीब व मध्यम कुटुंबांच्या डोक्यावरचें छप्पर राखलें, हें निर्विवाद आहे. परंतु भाडें जवळजवळ गोठलें, तरी चुना, लांकूड, लोखंड आणि गवंड्याची मजुरी गोठली नाहीं. मालकास दुरुस्ती परवडेना, भाडेकरूस ती आपली वाटेना. मधल्या मध्यें तुळया कुजत राहिल्या. अखेर १९६९ सालीं दुरुस्तीसाठीं उपकर बसवून स्वतंत्र मंडळ नेमण्याचा कायदा करावा लागला. प्रमाण भाड्याच्या तरतुदी कालौघांत अवास्तव झाल्या आहेत, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं म्हटलें. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला; त्यानें भाड्यांत दरसाल शेकडा ४ वाढ करण्याची मुभा दिली.

यावरून घेण्याचा धडा असा, कीं जें भाडें घराची निगा राखण्यास पुरत नाहीं, तें मालकाचेंहि नुकसान करतें आणि आंत राहणाऱ्याच्या जीवासहि धोका आणतें. भाडें हातीं येतांच त्याचा कांहीं ठराविक भाग दुरुस्तीसाठीं निराळा ठेवावा व त्यास हात लावूं नये. घर सुस्थितींत राखणें हें कायद्यानेंहि मालकाचेंच कर्तव्य आहे. नोटीस देऊनहि त्यानें हयगय केली, तर भाडेकरूस स्वतः दुरुस्ती करून वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंत रक्कम वळती करतां येते. प्राप्तिकराच्या हिशेबांतहि महापालिकेचा भरलेला कर वजा करून उरलेल्या भाड्यांतून शेकडा ३० सूट मिळते, मग प्रत्यक्ष खर्च कमी होवो वा अधिक.

दुसरी गोष्ट करारनाम्याची. "माणूस ओळखीचा आहे, कागद कशाला?" हें वाक्य पुष्कळांस महाग पडलें आहे. महाराष्ट्रांत भाड्याचा अथवा लीव्ह अँड लायसेन्सचा करार लेखी व नोंदलेलाच हवा, आणि ही जबाबदारी मालकावर आहे. नोंद नसेल तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊं शकतात. उलट, लायसेन्सचा करार रीतसर असून मुदत संपल्यावर राहणारा घर सोडीना, तर त्याच्याकडून दुप्पट दरानें नुकसानभरपाई मागतां येते.

तेव्हां घर घेण्यापूर्वीं तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. सहा महिने भाडें न आलें, तर घरखर्च चालेल काय? छप्पर गळूं लागलें, तर कर्ज न काढतां तें दुरुस्त करतां येईल काय? आणि दुखण्यासारख्या अडचणीसाठीं या घराबाहेर पुरेशी रक्कम शिल्लक राहते काय? तिन्हींचें उत्तर होकारार्थी असेल, तर घर अवश्य घ्यावें. तें आपल्यास आणि आंत राहणाऱ्यासहि सुख देईल. एकाचेंहि उत्तर नकारार्थी आलें, तर आयुष्याची पुंजी विटांत घालण्याची घाई करूं नये. बँकेंतील ठेव डोळ्यांस दिसत नाहीं हें खरें, पण पावसाळ्यांत ती गळतहि नाहीं.