दंतरोपणावरील मुकुट किती टिकाऊ?

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या प्रचलित आहे. तिच्या उत्तरार्धावर आधुनिक दंतवैद्यकाने शोधलेला एक उपाय म्हणजे दंतरोपण होय. पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा लहानसा स्क्रू बसवितात. त्यावर जोडखांब आणि खांबावर दाताच्या आकाराचा मुकुट, म्हणजे बोलीभाषेतील ‘कॅप’, चढवितात. हा खर्च अनेकांना आयुष्यभराच्या बचतीतून करावा लागतो. साहजिकच हा मुकुट किती भार सोसतो व किती वर्षे टिकतो, हे जाणून घेणे अगत्याचे ठरते.

या उपचाराचा पाया स्वीडनमध्ये घातला गेला. १९५० च्या दशकात पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत असता, हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी एकजीव झाल्याचे त्यांना आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर दंतरोपण केले.

भार कसा पडतो?

नैसर्गिक दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे आवरण असते. ते गादीप्रमाणे भार झेलते. भातात खडा लागताच जबडा थबकतो, तो मुख्यतः या आवरणातील संवेदनेमुळे. रोपणाला अशी गादी नसते. त्यामुळे भार थेट मुकुट, स्क्रू व हाड यांवर येतो आणि तो अधिक झाल्याची जाणीव उशिरा होते. धडधाकट माणूस दाढेवर ५० ते ७० किलो वजनाइतका जोर देऊ शकतो. रोजच्या चर्वणात जोर बराच कमी लागतो. परंतु तो लाखो वेळा पडतो. म्हणूनच रोपणाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाण कसोटीत त्यावर ३० अंशांच्या तिरक्या कोनातून लक्षावधी वेळा भार देऊन पाहतात.

मुकुटाचे साहित्य

नुसत्या चिनी मातीचा मुकुट सुंदर दिसतो, पण ठिसूळ असतो. वाकविण्याच्या कसोटीत ती सुमारे १०० मेगापास्कलपर्यंतच टिकते. लिथियम डायसिलिकेट ही काचमिश्रित जात सुमारे ४०० पर्यंत, तर झिर्कोनिया ९०० ते १२०० पर्यंत टिकतो. झिर्कोनियाचा गुण असा की, तडा जाऊ लागताच त्याच्या टोकापाशी असलेले कण आपली रचना बदलून किंचित फुगतात आणि तड्याला आवळून धरतात. मात्र अधिक पारदर्शक जातीचा झिर्कोनिया तुलनेने कमी बळकट असतो. धातूवर किंवा झिर्कोनियावर चिनी मातीचा थर दिलेल्या मुकुटात आतला गाभा शाबूत राहून वरचा टवका उडण्याचा संभव असतो.

दुबळा दुवा

पुष्कळदा मुकुट मोडत नाही. जोडखांबाचा स्क्रू ढिला होतो. मुकुट हलू लागला असताही चावत राहिल्यास स्क्रू आत तुटू शकतो आणि प्रसंगी रोपणच गमावण्याची वेळ येते. म्हणून मुकुट हलताच विनाविलंब दंतवैद्याकडे जावे.

अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार दहा वर्षांनंतर सुमारे ९५ टक्के रोपणे आणि सुमारे ९० टक्के मुकुट टिकून राहतात. म्हणजे मुकुट आजन्म टिकेल असे गृहीत धरणे योग्य नव्हे. झोपेत दात खाण्याची सवय, कडक सुपारी फोडणे, तंबाखू, अनियंत्रित मधुमेह आणि हिरड्यांची अस्वच्छता ही त्याचे आयुष्य घटविणारी कारणे होत.

उपचारापूर्वी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : मुकुट कशाचा आहे, तो सिमेंटने बसविणार की स्क्रूने, आणि वापरलेल्या रोपणाची कंपनी व माप कोणते. ही माहिती लिहून घेऊन जपून ठेवावी. कारण एका कंपनीचा सुटा भाग दुसऱ्या रोपणाला बसेलच असे नाही. दहा वर्षांनी, दुसऱ्या गावी, दुसऱ्या दंतवैद्यापुढे बसण्याची वेळ आल्यास हा कागदच उपयोगी पडतो.