वडाच्या फांदीला जंबूर चालतो का?

बोन्साय सुरू करणाऱ्याला पहिला सल्ला हमखास मिळतो तो जपानी अवजारांची पेटी घेण्याचा. त्याच्या उलट टोकाला, धार असली की झालं, घरातली कुठलीही कातर चालते, असं सांगणारेही पुष्कळ भेटतात. दोघंही अवजार कुणाच्या नावाने विकलं जातं तेवढंच बघतात. बघायला हवं ते पातं: त्याची धार कोणत्या बाजूने काढली आहे, दोन पाती एकमेकांवरून सरकतात की समोरासमोर भिडतात, आणि फांदीचा कोणता भाग त्यांच्यात चेंगरतो.

पनवेलकरांना तरी हा विचार परका वाटू नये. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये या गावाची नोंद बैलगाडीच्या चाकांसाठी आहे. देशावरचे गाडीवान इथून चाकं घेऊन जात. सुतार आणि लोहार यांच्या अवजारांची जाण इथे जुनी आहे, आणि बोन्सायच्या निम्म्या कामाला तीच अवजारं पुरतात.

सगळ्यात घट्ट रुजलेला गैरसमज म्हणजे खोलगट काप देणाऱ्या कटरला पर्यायच नाही. तो कटर काय करतो ते आधी समजून घेऊ. फांदी खोडालगत सपाट कापली की सालीखालचा जिवंत थर कडेने फुगत आत येतो आणि जखम झाकतो. पण झाकताना तिथे गाठ उठते. लाकूड मधे थोडं खोल कोरलेलं असेल तर हा फुगवटा खळग्यात बसतो आणि खोड गुळगुळीत दिसतं. म्हणजे महत्त्व खळग्याला आहे. तो कटरने एका दाबात होतो, सुताराच्या गोल तोंडाच्या पटाशीने दोन टप्प्यांत होतो: आधी करवतीने फांदी उडवायची, मग कडेकडून मध्याकडे पातळ ढलप्या काढायच्या. मधून बाहेर कोरलं तर साल उचकटते. कुंडी पक्की बांधून घ्यावी, आणि दुसरा हात कायम पटाशीच्या मागे ठेवावा.

खिळे उपटायचा जंबूर हा कटरचा भाऊ दिसतो, पण जसाच्या तसा तो फसवतो. त्याचे जबडे बाहेरून गोल असतात, कारण खिळा उपटताना ते लाकडावर टेकवून कलवायचे असतात. त्यामुळे धार खोडाला लागतच नाही आणि फांदीचा खुंट उरतो. बाहेरची बाजू ग्राइंडरवर सपाट करून घेतली तर जंबूर खोडालगत कापतो. खळगा मात्र पटाशीनेच काढावा लागतो. घासताना घाई नको. पोलादावर निळी झाक आली की धारेचं पाणी उतरलं असं समजावं, आणि उतरलेली धार चिंचेसारख्या कठीण लाकडात लगेच बसते. दर दोन-चार घासांनंतर पाण्यात बुडवत राहावं.

अडकित्त्याबद्दल बरेच जण विचारतात. त्याचं वरचं पातं खालच्या बोथट कडेवर उतरतं, सुपारी फोडायला ते उत्तमच. जिवंत फांदीची खालची साल मात्र त्यात चेंगरते, आणि चेंगरलेली साल मरते. वाळक्या काड्यांसाठी खुशाल वापरा.

हॅक्सॉची पानंही अशीच सर्रास वापरली जातात. धातूसाठी केलेले बारीक दाते ओल्या लाकडाच्या भुशाने भरतात. वड, उंबर, नांद्रुक असेल तर चीक मिसळून त्याचा लगदा होतो. वाळलेल्या लाकडावरच्या नाजूक कामाला मात्र हे पान छान, विशेषतः दाते आपल्याकडे येतील असं उलटं लावून ओढत कापलं तर. करवत कुठलीही असो, नंतर सालीची फाटकी कड धारदार सुरीने साफ करायलाच हवी.

न्हाव्याची कातर पानं काढायला झकास. मुळांना तिचा स्पर्शही होऊ देऊ नये, मातीतली वाळू तिची धार एका बैठकीत घालवते. मुळांसाठी आपल्या रायगडात भातकापणीचा दातेरी विळा आहे. कुंडीच्या कडेने फिरवून मुळांचा गड्डा सोडवायला जपानी माळीही विळ्यासारखंच अवजार वापरतात.

झाडावरची जुनी तार उलगडून काढावी म्हणजे ती वाचते, हाही समज महागात पडतो. वापरात तांबं कडक झालेलं असतं. उलगडताना फांदी मोडते, कळ्या तुटतात. वेढ्यावेढ्याला कापावी. वायरमनचं छोटं कटर इथे पुरतं. फक्त त्याचं टोक सालीत रुतत नाही ना, ते पाहावं.

शेवटी गंज. गंजक्या पात्याने झाडाला ‘विष चढतं’ असं आजही सांगतात. गंज झाडाला विषारी नाही. त्याने धार खडबडीत होते, काप फाटतो, आणि खाचांत जुना चीक अडकून रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो. स्टेनलेस पात्यालाही ही दुसरी भीती लागू आहे. म्हणून झाड बदलताना पातं स्पिरिटने पुसावं. ब्लीचने पोलाद खराब होतं. पनवेलच्या पावसाळ्यात काम संपताच अवजार कोरडं करून तेलाचा हात द्यावा. धनुर्वाताचा धोका माणसाला आहे. त्याचे जंतू मातीत असतात, त्यामुळे पातं नवं कोरं असलं तरी मातीकाम करणाऱ्याने धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी.