जुनी कार घाटात मान टाकते? फ्युएल फिल्टर घरी बदलण्याआधी हे समजून घ्या

शहरात गाडी व्यवस्थित चालते. पण खंबाटकीचा चढ लागला की पिकअप जातो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढत नाही, मध्येच झटके देते. दहा-पंधरा वर्षे जुन्या कारमध्ये असे होऊ लागले की अनेकांच्या मनात इंजिनच्या मोठ्या खर्चाची भीती येते. प्रत्यक्षात अनेकदा दोष असतो तो चोंदलेल्या फ्युएल फिल्टरचा. तो घरी बदलता येतो का? उत्तर आहे, काही गाड्यांत येतो, काहींत अजिबात हात लावू नये.

फिल्टर नेमके काय करतो?

टाकीतून इंजिनकडे जाणाऱ्या इंधनातील गंज, धूळ आणि गाळ तो अडवतो. डिझेल गाडीत तो पाणीही वेगळे करतो. गाडी उभ्या जागी चालू असताना इंजिनला थोडेच इंधन लागते, त्यामुळे फिल्टर अर्धा चोंदला तरी ते लक्षात येत नाही. चढावर किंवा ओव्हरटेक करताना मागणी कित्येक पटींनी वाढते आणि तेवढे इंधन फिल्टरमधून जात नाही. म्हणूनच हे दुखणे आधी घाटात दिसते.

मात्र हीच लक्षणे खराब स्पार्क प्लग, मळलेला एअर फिल्टर किंवा कमजोर फ्युएल पंप यांचीही असतात. शिवाय चोंदलेल्या फिल्टरमधून इंधन ढकलताना पंपावर ताण येतो. त्यामुळे पंप बदलण्याचा खर्च करण्यापूर्वी फिल्टर शेवटचा कधी बदलला, हे सर्व्हिस बुकमध्ये पाहावे.

ई-२० पेट्रोलचा संबंध काय?

देशात ई-२० पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३मध्ये सुरू झाली. यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि टाकीत वर्षानुवर्षे चिकटलेला थर सुटा करते. हा गाळ फिल्टरमध्येच येऊन अडकतो. काही जुन्या वाहनांत दीर्घ वापरानंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५मध्ये म्हटले होते. म्हणून फिल्टर बदलताना त्याच्या दोन्ही बाजूंचे रबरी पाइप वाकवून पाहावेत. भेगा दिसल्या तर तेही बदलावेत.

तुमची गाडी कोणत्या प्रकारची?

कार्बोरेटरची पेट्रोल कार: जुन्या मारुती ८००सारख्या गाड्यांत बॉनेटखाली पाइपच्या मध्ये छोटा फिल्टर असतो. दाब कमी असतो. घरी करण्यासारखे काम हेच.

एमपीएफआय पेट्रोल, फिल्टर बाहेर: पाइपमध्ये साधारण ३ बार दाब असतो आणि इंजिन बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. दाब न काढता पाइप सोडला तर पेट्रोलची चिळकांडी थेट डोळ्यांत किंवा गरम इंजिनवर उडते. हत्यारांची सवय असेल तरच करावे.

फिल्टर टाकीच्या आत, पंपासोबत: अनेक नव्या गाड्यांत अशीच रचना असते. हे काम गॅरेजचेच.

डिझेल: फिल्टर बदलल्यावर पाइपमध्ये शिरलेली हवा काढावी लागते. कॉमन रेल इंजिनमध्ये पुढचा दाब हजार बारहून अधिक असतो. चालू इंजिनवर हा पाइप सैल केल्यास डिझेलची धार कातडीत घुसू शकते. अशी इजा दिसायला किरकोळ असली तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. त्यामुळे कॉमन रेल गाडी मेकॅनिककडेच न्यावी.

पेट्रोल गाडीत काम कसे करतात?

१. गाडी मोकळ्या हवेत, सपाट जागी उभी करावी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, हँडब्रेक ओढावा. फिल्टर गाडीखाली असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली जाऊ नये. पक्के स्टँड लावावेत.

२. टाकीचे झाकण सैल करून आतला वाफेचा दाब जाऊ द्यावा.

३. एमपीएफआय गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करावे. ते आपोआप बंद पडेल. मग दोन-तीन सेकंद सेल मारावा, म्हणजे उरलेला दाब उतरतो.

४. इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी.

५. डोळ्यांवर चष्मा, हातात ग्लोव्हज घालावेत. खाली पत्र्याचे भांडे ठेवून पाइप कापडात धरून हळूहळू सोडावा. थोडे पेट्रोल सांडणारच.

६. नव्या फिल्टरवरील बाण इंजिनच्या दिशेने ठेवावा. क्लिप आणि वॉशर नवेच वापरावेत. एमपीएफआय गाडीला दाब सोसणारा फ्युएल पाइपच हवा. साधा पारदर्शक पाइप चालत नाही.

७. टाकीचे झाकण लावून बॅटरी जोडावी आणि काढलेला फ्यूज परत बसवावा. एमपीएफआय गाडीत इंजिन चालू न करता चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करावी. कुठे गळती नाही हे पाहूनच इंजिन चालू करावे आणि पुन्हा एकदा जोड तपासावेत. कार्बोरेटरच्या गाडीला पहिल्यांदा थोडा जास्त सेल मारावा लागतो.

सुटा भाग घेताना आरसी बुक सोबत न्यावे. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांना वेगळे फिल्टर लागू शकतात.

सर्वांत मोठा धोका कोणता?

आगीचा. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये किंवा बंद गॅरेजमध्ये ती साठून राहते. तिथे लाइटचे बटण, इन्व्हर्टर किंवा पाण्याची मोटर यांची एक ठिणगीही पुरते. त्यामुळे हे काम तळमजल्याच्या बंद पार्किंगमध्ये करू नये, जवळ सिगारेट नको आणि पेट्रोलच्या आगीवर चालणारे पावडरचे अग्निशामक हाताशी हवे. पाइप तोंडाने ओढून पेट्रोल काढू नये.

जुना फिल्टर लगेच कचऱ्यात टाकू नये. त्यातले इंधन भांड्यात निथळू द्यावे आणि दोन्ही गॅरेजमध्ये द्यावेत. गटारात ओतू नये. फिल्टरमधून लालसर गंज किंवा पाणी निघाले, तर आजार टाकीत आहे. टाकी साफ केली नाही, तर नवा फिल्टरही लवकरच चोंदेल.

मेकॅनिकला कधी बोलवावे?

पाइपचे जोड गंजून घट्ट झाले असतील, फिल्टर सापडतच नसेल किंवा फिल्टर बदलल्यावरही पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी चालू करू नये. मेकॅनिकला जागेवरच बोलवावे.