तिसरे खेमसावंत आणि वाडीची गादी

सावंतवाडीचे सावंत-भोसले मूळचे कुडाळ प्रांताचे सरदेसाई. सरदेसाई म्हणजे राजा नव्हे, वंशपरंपरागत वतनदार. वतन बापाकडून मुलाकडे जाई खरे, पण वरची सत्ता बदलली की नव्या धन्याकडून ते पुन्हा मान्य करून घ्यावे लागे. वाडीकरांचे बरेचसे राजकारण या एका गरजेतून घडले.

1755 मध्ये गादी तिसऱ्या खेमसावंतांकडे आली तेव्हा ते अल्पवयीन होते. पुढे 1763 मध्ये त्यांचा विवाह मराठा सरदार जयाप्पा शिंदे यांची कन्या लक्ष्मीबाई हिच्याशी झाला. या सोयरिकीच्या जोरावर दिल्लीच्या बादशहाकडून 'राजेबहादूर' हा किताब मिळाला आणि कुडाळचा वतनदार राजा म्हणवू लागला. करवीरकरांना, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींना, हे सलले. त्यांनी वाडीवर चाल करून काही किल्ले घेतले. शिंद्यांचे वजन खर्ची पडले तेव्हा ते परत आले. समुद्रावरही शांतता नव्हती. वाडीकरांची गलबते व्यापारी जहाजे लुटत, म्हणून 1765 मध्ये इंग्रजांनी रेडीचा यशवंतगड घेतला. मालवणचा सिंधुदुर्ग करवीरकरांचा, तोही त्याच मोहिमेत पडला. दोन्ही किल्ले पुढे तहाने परत मिळाले.

किताब वाढला, मुलूख मात्र घटला. डिचोली आणि सत्तरी पोर्तुगिजांनी 1780 नंतरच्या दोन-तीन वर्षांत घेतली. पेडणे तर 1788 मध्ये करवीरकरांविरुद्धच्या मदतीच्या बदल्यात खुद्द खेमसावंतांनीच दिले. भाऊबंदांशी लढण्यासाठी परक्याला घरात घेण्याचा हा सौदा महागात पडला.

1803 मध्ये खेमसावंत निपुत्रिक वारले आणि गादीवरून भाऊबंदकी पेटली. दोन वर्षांनी लक्ष्मीबाईंनी रामचंद्र ऊर्फ भाऊसाहेब या मुलाला दत्तक घेतले, पण दत्तक विधीने वाद मिटला नाही. तीनेक वर्षांतच त्या मुलाचा झोपेत गळा आवळून खून झाला. मग फोंडसावंत गादीवर आले. 1812 मध्ये इंग्रजांनी त्यांच्याकडून वेंगुर्ले बंदर आणि लढाऊ गलबते लिहून घेतली. त्यानंतर लवकरच ते वारले आणि आठ वर्षांचे चौथे खेमसावंत वारस ठरले. 1838 मध्ये कारभारही इंग्रजांच्या हाती गेला.

खेमसावंतांच्या हातून गेलेले पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे तालुके वाडीला परत मिळाले नाहीत; आज ते गोव्यात आहेत.